स्नोमोबिलच्या हँडलला रायझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या मराठी घरांत हल्ली गराजमध्ये स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटार-घसरगाडी, दिसू लागली आहे. पहिला हिवाळा संपतो, कंबर किंवा मनगट कुरकुरायला लागतं, आणि कुणीतरी सांगतं, "हँडल वर घे, रायझर लाव." सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो. पण किती इंचांचा, कोणत्या प्रकारचा, आणि बसवल्यावर ब्रेकच्या होजचं (फ्लुइड नेणाऱ्या लवचिक नळीचं) काय, हे सांगणारा भेटत नाही. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं पुढे दिली आहेत. घाई असेल तर बाकी सोडा, पण केबल आणि होजबद्दलचं उत्तर वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

रायझर म्हणजे नेमकं काय?

स्कीपासून, म्हणजे मशिनच्या पुढच्या घसरपट्ट्यांपासून, वर येणाऱ्या दांड्याला स्टिअरिंग पोस्ट म्हणतात. त्याच्या टोकावर क्लॅम्प असतो आणि त्या क्लॅम्पमध्ये हँडलबार धरलेला असतो. पोस्ट आणि हँडलबार यांच्यामध्ये बसणारा धातूचा ठोकळा म्हणजे रायझर. तो हँडल वर नेतो, आणि काही प्रकारांत पुढे-मागेही सरकवू देतो. बहुतेक मशिनला कंपनीकडूनच एक छोटा रायझर लावलेला असतो. स्की-डू या कंपनीच्या माहितीपत्रकात तर रायझर ब्लॉकची उंची मिलिमीटरमध्ये छापलेली असते. म्हणून दुकानात "चार इंचांचा द्या" म्हणण्याआधी आपल्या मशिनवर आधीच किती इंचांचा आहे ते बघा. नवा रायझर मूळच्या जागी बसणार असेल तर हँडल वर जाईल ते फक्त दोघांमधल्या फरकाएवढं. तीन इंचांचा काढून चार इंचांचा लावला तर हाताला मिळतो एकच इंच.

मला रायझर लागतो की नाही, हे कसं ओळखायचं?

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मशिनवर तुम्ही जास्त वेळ बसलेले असता की उभे? ओंटारिओ, क्वेबेक, मिनेसोटा इथल्या तयार केलेल्या ट्रेलवर माणूस दिवसाचा बराच वेळ बसून असतो. ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकसारख्या डोंगरात, खोल भुसभुशीत बर्फात, माणूस जवळजवळ सतत उभा असतो. दोघांचं हँडल एकाच उंचीवर असूच शकत नाही.

उभं राहून चालवणाऱ्यांनी असं मोजावं. मशिन सपाट जागी लावा. बूट, जाड पँट, जॅकेट, हातमोजे, हेल्मेट सगळं चढवा, कारण बुटाचा तळ आणि कपड्यांची जाडी दोन्हींनी माप बदलतं. रनिंग बोर्डवर (दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या पट्टीवर) नेहमीच्या जागी उभे राहा, गुडघे थोडे सैल ठेवा, पाठ ताठ नको आणि वाकलेलीही नको. आता डोळे मिटा आणि हँडल आहे अशी कल्पना करून हात पुढे आणा. कोपर किंचित वाकलेलं हवं. मुठी जिथे आपसूक थांबतील तिथे सोबतच्या माणसाला टेपनं बोर्डपासून मुठीच्या मध्यापर्यंतची उंची मोजू द्या. असं तीनदा करा, कारण पहिल्या वेळी माणूस नकळत मूळच्या हँडलकडे हात नेतो. मग बोर्डपासून ग्रिपची सध्याची उंची मोजा. या दोन मापांमधला फरक म्हणजे तुमची गरज.

फरक एक इंचाच्या आत आला तर रायझर घेऊ नका. हँडलबार क्लॅम्पमध्ये थोडा फिरवून तेवढं साधतं, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

बसून चालवणाऱ्यांचं माप वेगळं. सीटवर नेहमीच्या जागी बसा, खांदे सोडून द्या, हात ग्रिपवर ठेवा. कोपरात काटकोनापेक्षा थोडा मोकळा कोन हवा आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ हवं. खांदे कानाकडे सरकत असतील तर हँडल आधीच उंच आहे. पुढे झुकून छातीचा भार तळव्यांवर येत असेल तर ते खाली किंवा लांब आहे.

खरेदीआधी करून बघायची काही युक्ती आहे का?

आहे, आणि ती वगळू नये. झाडूचा जाड दांडा किंवा २२ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पाइप घ्या. हँडलबारवर एक-एक इंच जाडीचे लाकडी तुकडे रचून त्यावर तो आडवा ठेवा आणि केबल टायनं घट्ट बांधा. मशिन बंदच ठेवायची. या दांड्याला धरून उभे राहा, बसा, एका बाजूच्या बोर्डवर दोन्ही पाय ठेवून डावीकडे झुका, उजवीकडे झुका. दोन इंचांवर छान वाटलं आणि तीनवर हात वर लटकल्यासारखे झाले, तर उत्तर मिळालं. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण चुकीचा रायझर परत पाठवण्याचा त्रास वाचतो.

उंचीनुसार ठोकताळा सांगाल का?

डोंगरात उभं राहून चालवणाऱ्यांसाठी ढोबळमानानं सांगता येईल. उंची ५ फूट ८ इंचांच्या आत असेल तर मूळचं हँडल बहुधा पुरतं. त्यापुढे ६ फुटांपर्यंत एक ते दोन इंच वाढ लागते. ६ फुटांच्या वर तीन, क्वचित चार. मात्र हात लांब असले की गरज कमी होते आणि पाय लांब असले की वाढते, म्हणून ठोकताळ्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. ट्रेलवर बसून चालवणाऱ्यांना दोन इंचांच्या वर जावं लागलं, तर अडचण बहुधा हँडलची नसून सीटची असते. खचलेला फोम तपासा.

दोन इंचांचा रायझर लावला, पण हँडल दोन इंच वर गेलंच नाही. असं का?

कारण स्टिअरिंग पोस्ट सरळ उभा नसतो, चालकाकडे कललेला असतो. सरळ रायझर त्याच कलत्या रेषेत पुढे वाढतो, त्यामुळे हँडल वर जातं तसं तुमच्या पोटाकडेही येतं.

हिशोब सोपा आहे. पोस्ट उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला असेल आणि १०० मिलिमीटरचा सरळ रायझर लावला, तर हँडल ८७ मिलिमीटर वर आणि ५० मिलिमीटर मागे येतं. पोस्ट १५ अंशच कललेला असेल, तर तोच रायझर ९७ मिलिमीटर वर आणि २६ मिलिमीटर मागे नेतो. जुन्या मशिनचे पोस्ट जास्त कललेले असतात, अलीकडच्या डोंगरी मॉडेलचे बरेच उभे. म्हणून एकाच रायझरबद्दल एकजण "एकदम मस्त" म्हणतो आणि दुसरा "हँडल मांडीत आलं" म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात.

आपल्या पोस्टचा कोन मोजायला मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पुरतं. फोन पोस्टला समांतर टेकवा आणि आकडा लिहून ठेवा.

सरळ ठोकळा घ्यावा की कोन बदलता येणारा?

सरळ ठोकळ्यात भाग कमी, सांधे कमी, त्यामुळे सैल होण्याच्या जागाही कमी. गरज पक्की ठाऊक असेल आणि पोस्ट बऱ्यापैकी उभा असेल तर तोच घ्या.

कोन बदलता येणाऱ्या रायझरला वर आणि खाली असे दोन सांधे असतात, आणि त्यातून हँडल पुढे-मागे नेता येतं. मिनेसोटातल्या रॉक्स कंपनीचे या प्रकारचे रायझर इतके पसरले आहेत की पुष्कळजण कुठल्याही फिरत्या रायझरला "रॉक्स"च म्हणतात. कललेल्या पोस्टवर याचा फायदा मोठा: रायझर पुढे झुकवून ते मागे आलेले ५० मिलिमीटर परत मिळवता येतात. एकच मशिन घरातले दोघं चालवत असतील तरीही हाच बरा. आणखी एक गोष्ट: मशिन उलटली आणि हँडल बर्फात आदळलं, तर बऱ्याचदा सांधा फिरून धक्का खातो आणि हँडलबार वाकण्यापासून वाचतो. मात्र त्यानंतर कोन पुन्हा लावून बोल्ट पुन्हा कसावे लागतात.

आता एक बारकावा, जो दुकानात कुणी सांगत नाही. हँडल पोस्टच्या सरळ रेषेतच वर असेल तर ते जागच्या जागी गोल फिरतं. रायझर मागे झुकवला की हँडल त्या रेषेच्या मागे जातं आणि होडीच्या सुकाणूच्या दांड्यासारखं वागू लागतं: वळवताना सगळं हँडल एका बाजूला झुलतं. रेषेपासून १०० मिलिमीटर मागे असलेलं हँडल ३५ अंश वळवलं तर त्याचा मध्य ५७ मिलिमीटर बाजूला सरकतो. ट्रेलवर बसून चालवताना हे फारसं जाणवत नाही. पण डोंगरउतारावर आडवं जाताना स्की उताराकडे आणि अंगाचा भार चढाकडे ठेवावा लागतो. त्या क्षणी हँडलचं एक टोक पोटात घुसतं आणि दुसरं हाताबाहेर जातं. "रायझर लावल्यापासून साइडहिल जमत नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. उपाय असा: फिरता रायझर पोस्टच्या रेषेत सरळ करा, किंवा किंचित पुढे न्या, आणि मग ग्रिपचा कोन हँडलबार फिरवून जुळवा.

क्लॅम्पचं माप २२ की २८?

दोन मापं चालतात. साधा बार सगळीकडे ७/८ इंच, म्हणजे २२ मिलिमीटर. टेपर बार मध्ये १ १/८ इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर, आणि ग्रिपपाशी पुन्हा २२. त्यामुळे ग्रिप, ब्रेकचा लिव्हर आणि थ्रॉटल (अंगठ्यानं दाबायचा ॲक्सिलरेटर) दोन्हींवर तेच बसतात. फरक फक्त मधल्या क्लॅम्पचा. रायझरच्या खालच्या बाजूला आपल्या पोस्टचं माप लागतं आणि वरच्या बाजूला आपल्या बारचं, आणि ही दोन वेगळी असू शकतात. व्हर्नियर कॅलिपरनं दोन्ही मोजा. २८ च्या क्लॅम्पमध्ये २२ चा बार बसवायला पॅकिंगच्या बाही मिळतात, पण त्या योग्य लांबीच्या आणि मधोमध चिरलेल्या हव्यात. पत्र्याची पट्टी गुंडाळून काम भागवू नका. हँडल फिरतं आणि तेही नेमकं जोर लावल्यावर.

स्की-डू, पोलारिस, आर्क्टिक कॅट, यामाहा: सगळ्यांना एकच रायझर चालतो का?

नाही. पोस्टच्या टोकाची रचना कंपनीनुसार आणि मॉडेलच्या वर्षानुसार बदलते. कुठे चार बोल्टचा सपाट पाट असतो, कुठे गोल बारसारखं टोक असतं ज्याला क्लॅम्प मिठी मारतो, कुठे दातेरी टोक असतं. ऑर्डर देताना कंपनी, मॉडेल आणि मॉडेल वर्ष तिन्ही सांगा. स्नोमोबिलचं मॉडेल वर्ष म्हणजे विकत घेतल्याचं वर्ष नव्हे, ते नोंदणीच्या कागदावर असतं. काही डोंगरी मशिनच्या पोस्टमध्येच उंची कमी-जास्त करायची सोय असते आणि काही ट्रेल मॉडेलवर रायझर पुढे-मागे करता येतो. मालकाची पुस्तिका उघडून आधी ते पाहा. सोय असून ती कधी वापरलीच नाही, असं फार वेळा आढळतं.

मूळच्या केबल आणि होज पुरतील का?

रायझरची खरी मर्यादा इथे ठरते. हँडलवर काय काय जातं ते मोजा: ब्रेकचा होज, थ्रॉटलची केबल, दोन्ही ग्रिपच्या आणि अंगठ्याच्या हीटरच्या वायरी, इंजिन बंद करण्याचं बटण, रिव्हर्सचं बटण, दिव्याचा स्विच. हे सगळं बोनेटखालून वर येतं आणि कंपनीनं ते मूळच्या उंचीला बेताचंच ठेवलेलं असतं.

एक इंच वाढीला सहसा काही बदलावं लागत नाही. दोन इंचांना बऱ्याचदा मार्ग बदलून चालतं, म्हणजे क्लिप काढून होज थोड्या सरळ वाटेनं नेणं, वायरींची एखादी टाय कापून ढील मिळवणं. तीन इंच आणि पुढे गेलात तर लांब ब्रेक होज आणि बहुधा वायरींचं एक्स्टेन्शन लागणार असं धरूनच खर्चाचा हिशोब करा.

थ्रॉटलची केबल ताणली गेली तर काय होतं, हे नीट समजून घ्या. हँडल सरळ असताना सगळं ठीक दिसतं. पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे वळवलं की केबलचं बाहेरचं आवरण ओढलं जातं, आतली तार खेचली जाते आणि अंगठा न लावता इंजिनचा वेग वाढतो. वळताना मशिन आपणहून पुढे झेपावते, तीही झाड समोर असताना. ज्या मशिनमध्ये थ्रॉटलची सुरक्षा यंत्रणा असते, त्यात उलट घडतं: केबलची ढील बिघडली की यंत्रणेला थ्रॉटल अडकल्यासारखा वाटतो आणि इंजिन बंद पडतं. माणूस मग प्लग आणि पेट्रोल तपासत बसतो. स्की-डूत बसणाऱ्या रोटॅक्सच्या काही फोर-स्ट्रोक इंजिनांवर थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असतो. तिथे केबल नाही, फक्त वायर, त्यामुळे हा धोका नाही. पण वायर ताणून जोड निसटला तर मशिन जागेवर उभी राहते.

ब्रेकचा होज ताणला गेला की लगेच फुटत नाही. मास्टर सिलिंडरपाशी (हँडलवरच्या ब्रेक लिव्हरच्या पंपापाशी) जिथे तो बँजो बोल्टनं, म्हणजे मधून पोकळ बोल्टनं, जोडलेला असतो, तिथे प्रत्येक वळणाला दुमडतो. आधी बारीक ओल दिसते, मग लिव्हर मऊ लागतो.

थंडीचाही विचार करा. गराजमध्ये जो होज मोकळा फिरतो, तोच उणे ३० अंशाला काठीसारखा ताठ होतो. म्हणून घरात "बरोब्बर पुरतो" असं वाटलं तर तो पुरत नाही असंच समजा.

होज किती लांबीचा घ्यायचा?

सुतळी घ्या. मूळच्या होजच्या वाटेनंच ती लावा, नवीन उंचीवर नेऊन हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि जास्त लागणाऱ्या बाजूचं माप धरा. साधारणपणे मूळच्या लांबीत वाढलेल्या उंचीएवढी भर आणि वर दोन ते पाच सेंटिमीटर ढील पुरते. फार लांबही नको. लोंबकळणारा होज स्टिअरिंगच्या सांध्यात अडकतो किंवा गरम एक्झॉस्टला टेकतो. स्टीलच्या जाळीचा होज घेतलात तर जिथे तो प्लास्टिकला किंवा दुसऱ्या वायरीला घासेल तिथे आवरण चढवा. ती जाळी कानशीसारखी घासते.

बसवण्याची पद्धत सांगा.

सुरक्षा दोरीची टोपी (चालकाच्या अंगाला बांधायच्या दोरीचं, निघालं की इंजिन बंद करणारं टोक) काढून ठेवा, इंजिन थंड असू द्या. हँडलच्या मधला पॅड काढा. काहीही सैल करण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा: वायरी कुठून जातात, कुठली टाय कुठे आहे. हा फोटो नंतर शंभर प्रश्न सोडवतो. मूळच्या बारवर क्लॅम्पच्या कडेला मार्करनं रेघ मारून ठेवा, म्हणजे जुना कोन पुन्हा सापडतो.

पेट्रोलची टाकी आणि सीटवर जुनी चादर पसरा. क्लॅम्पचे चार बोल्ट काढा, बार अलगद उचलून चादरीवर ठेवा. हँडलवरची ब्रेक फ्लुइडची टाकी शक्यतो उभीच राहू द्या. ती उलटी झाली तर वरची हवा होजमध्ये शिरते आणि नसतं काम वाढतं.

पोस्टचं टोक, रायझरच्या आतल्या बाजू आणि बारचा मधला भाग ब्रेक क्लीनरनं पुसा. तेलाचा एक थेंब राहिला तरी क्लॅम्प घसरतो. बोल्टचे आटे कोरडे करा आणि मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब लावा. लाल लावू नका, पुढच्या वेळी आटे उपटून येतील. बोल्ट आधी सगळे हातानं फिरवा. सहज न गेलेला बोल्ट जबरदस्तीनं कसू नका, कारण ॲल्युमिनियमचे आटे एकदाच माफ करतात.

रायझर बसवा, वर बार ठेवा, सगळे बोल्ट अर्धवट कसा, मशिनवर उभे राहून कोन जुळवा. मग टॉर्क रेंचनं (कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं) तिरप्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत कसा, म्हणजे क्लॅम्पच्या पुढच्या आणि मागच्या फटी सारख्या राहतील. काही क्लॅम्पवर एक बाजू आधी पूर्ण मिटवायची असते. तसं असेल तर रायझरच्या पत्रकात ते लिहिलेलं असतं किंवा क्लॅम्पवर बाण असतो.

टॉर्क किती?

रायझरसोबतच्या पत्रकात जो आकडा असेल तोच. पत्रक हरवलं असेल तर निर्मात्याकडून मागवा. अंदाज म्हणून सांगायचं तर ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पमधले ८ मिलिमीटरचे बोल्ट साधारण २० न्यूटन-मीटरच्या आसपास कसले जातात. "अजून थोडा" म्हणत कसल्यानं पकड वाढत नाही, आटे ताणले जातात. बोल्टची लांबीही बघा: ८ मिलिमीटरचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये किमान १२ मिलिमीटर आत गेला पाहिजे. उंच रायझरसोबत मूळचेच बोल्ट वापरून तीनच आट्यांवर हँडल टांगलेलं असणं, हा प्रकार जीवघेणा आहे.

नवीन ब्रेक होज घरी लावता येतो का?

धीर आणि दोन तास असतील तर येतो. बँजोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घ्या, जुने पुन्हा वापरले की गळती ठरलेली. ब्रेकच्या टाकीच्या झाकणावर कोणतं फ्लुइड ते लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी डॉट ४ सापडेल, आणि त्यात सिलिकॉनवालं डॉट ५ कधीही मिसळू नका. फ्लुइड रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

हवा काढताना लिव्हर हळू दाबून धरायचा, ब्रेकच्या कॅलिपरवरचा (चकती दाबून धरणाऱ्या भागावरचा) हवा सोडायचा निपल पाव फेरा सैल करायचा, बुडबुडे पारदर्शक नळीतून निघू द्यायचे, निपल बंद करून मगच लिव्हर सोडायचा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. उंच रायझरवर होजचा एखादा वळसा मास्टर सिलिंडरपेक्षा वर जातो आणि हवा तिथे अडकून बसते. तसं झालं तर ज्या बाजूला वळवल्यावर टाकी वर येते त्या बाजूला हँडल पूर्ण वळवून टाकी सगळ्यात वर आणा आणि लिव्हर बारीक-बारीक हलवत राहा, बुडबुडे टाकीतून वर येतील. शेवटी लिव्हर घट्ट दाबून केबल टायनं रात्रभर बांधून ठेवा. सकाळी बँजोपाशी ओल दिसली नाही आणि लिव्हर तितकाच कडक असला, तर काम झालं. कडक नसेल तर मशिन बाहेर काढू नका, जाणत्या मेकॅनिककडे न्या.

बसवल्यानंतर काय तपासायचं?

इंजिन बंद ठेवून हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवा. विंडशील्ड, टाकी, पॅनेल, कशालाही लिव्हर टेकता कामा नये. प्रत्येक टोकाला थांबून होज आणि वायरी बोटानं दाबून बघा, त्या लवचिक लागल्या पाहिजेत. अंगठ्याचा थ्रॉटल दोन्ही टोकांना पूर्ण दाबून सोडा, तो खटकन मागे यायला हवा.

मग मागचा भाग स्टँडवर उचलून, पुढची बाजू पक्की टेकवून, मागे कुणी उभं नाही याची खात्री करून इंजिन सुरू करा. आयडलवर हँडल हळू डावीकडे, मग उजवीकडे न्या. आवाज जराही बदलला तर केबल ताणली आहे. ग्रिपचे हीटर, अंगठ्याचा हीटर, रिव्हर्स, दिवे, बंद करण्याचं बटण, दोरीची टोपी, एकेक तपासा. पहिल्या फेरीनंतर, साधारण तासाभरानं, क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनं बघा. रंगाचा थर दबतो, त्यामुळे पहिल्यांदा थोडी ढील येतेच. पुढे हंगामात दोन-तीनदा, आणि मशिन उलटली तर प्रत्येक वेळी.

दोन रायझर एकावर एक लावले तर?

लावू नका. रायझरची उंची दुप्पट झाली की त्याच्या मुळाशी येणारा वाकवणारा जोरही दुप्पट होतो, आणि दोन ठोकळ्यांत घसरायच्या जागा दुप्पट. उभं राहून मशिन अंगावर ओढताना सगळं वजन त्या चार बोल्टवर असतं. हवी ती उंची एकाच तुकड्यात घ्या. चार-पाच इंच लागत असतील तर थोडा उंच हँडलबार आणि मध्यम रायझर अशी जोडी करा.

हँडल वर गेल्यापासून हात गारठतात.

साहजिक आहे, हात विंडशील्डच्या आडोशातून वर आले. हँडगार्ड लावा, तो उंच विंडशील्डपेक्षा स्वस्त आणि डोंगरात सोयीचा. ट्रेलवर लांबचा प्रवास असेल तर मात्र उंच विंडशील्डच बरा. डोंगरी मशिनवर मधला पट्टा, माउंटन स्ट्रॅप, रायझरलाच जोडतात. रायझर घेताना त्याची भोकं जुळतात का तेही विचारा.

हात बधिर होतात, पण उंची बरोबर आहे. मग?

हँडलबारचा कोन बघा. क्लॅम्प सैल करून बार पाच अंश पुढे किंवा मागे फिरवा आणि एक पूर्ण दिवस चालवून बघा. मनगट खाली किंवा बाहेर मोडलेलं असेल तर मुंग्या येतात किंवा अंगठ्याचं मूळ दुखतं. ब्रेकचा लिव्हरही फिरवा: उभं राहून बोटं सरळ केली की ती लिव्हरवर पडली पाहिजेत. जाड ग्रिप, गोठलेला थ्रॉटल, घट्ट हातमोजे हीसुद्धा नेहमीची कारणं आहेत.

गुलमर्गला भाड्यानं स्नोमोबिल चालवली, ती आवडली. तिथे हे सगळं लागतं का?

नाही. तिथे पर्यटकांसाठी ठरलेल्या वाटेवर थोडा वेळ फेरी असते आणि बहुधा चालवणारा स्थानिक माणूस पुढे असतो. रायझरचा विचार मशिन स्वतःची असेल आणि हंगामभर चालवायची असेल तेव्हाच.

वापरलेला रायझर घ्यावा का?

घेता येईल, पण हातात घेऊन. बोल्टच्या भोकांभोवती केसासारखी बारीक भेग आहे का, हे टॉर्चचा उजेड तिरपा टाकून बघा. भेग संशयास्पद वाटली तर तिथे पातळ तेल लावून पुसा आणि वर खडूची पूड टाका, भेग असेल तर तेल पूड ओलसर करून रेघ दाखवतं. फिरत्या रायझरच्या सांध्यातले दाते झिजून गोल झाले असतील तर तो सोडून द्या. आटे शाबूत आहेत का हे नवा बोल्ट हातानं शेवटपर्यंत फिरवून कळतं. बोल्ट मात्र जुने वापरू नका, १०.९ दर्जाचे नवे घ्या. तो आकडा बोल्टच्या डोक्यावरच कोरलेला असतो.